बिडी म्हणजे सोडा

मांडी घालायला मला कुणी शिकवलं नाही.
ती तेवीस वर्षं घातलेलीच होती.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
गुडघ्याशी कात्री,
आणि मान अशी खाली
की नवरा समोरनं गेला तर चपलांवरनं ओळखायची.

हजार विड्या. रोज.
त्यातल्या पंचवीस-तीस चेकर छाट करायचा,
त्या हजारात धरायचा नाही.

डॉक्टरनी फोटो उजेडाला धरला,
म्हणाले, मणका बघा, विळ्यासारखा.
मला विळा ऐकून बरंच वाटलं.
म्हणजे अजून काहीतरी धारेचं होतं आत.

निपाणीत आमच्या गल्लीमागं नगरपालिकेची जुनी शाळा.
तिथं पहाटे साडेपाचला शांतव्वा टीचर यायच्या,
गोकाककडच्या, मराठी तोडकं.
म्हणाल्या, उसिरु तगोळ्ळी.
आम्ही श्वास घेतला.
म्हणाल्या, बिडी.
अकराजणी एकदम हसलो.
इथंपण विडीच?
त्यांना कळेना. रुक्सानानं कनवटीची काढून दाखवली.
मग त्याही हसल्या, डोळे पुसून म्हणाल्या,
कन्नडात बिडी म्हणजे सोडा.

घरी येऊन सुपापुढं बसले.
एक वळली, धागा बांधला, तोंड दुमडलं.
बिडी, म्हटलं तिला.
एवढ्यात कुठली सुटायला.

शवासनात सगळं अंग पडायचं,
बोटं पडायची नाहीत.
अंगठा आणि तर्जनी आपापसात वळत राहायची,
पान नाही, जर्दा नाही,
नुसती हवा वळून
छातीवर रचत राहायची.
एका गुरुवारी टीचर जवळ बसल्या,
तळहात माझ्या मुठीवर ठेवला
आणि ठेवलाच.
किती वेळ कोण जाणे.
मी रडले, असं बाया सांगतात.
मला वाटतं, घाम असावा.

पुढं त्यांची बदली झाली अथणीला.
जाताना हॉलची किल्ली माझ्या ओट्यात टाकली.
मी सातवी नापास. म्हटलं, टीचर,
मला आसनांची नावंसुद्धा नीट येत नाहीत.
म्हणाल्या, पाठीला कुठं येतात?

आता मी शिकवते,
दोन्ही भाषांत, दोन्ही मोडक्या.
बल म्हटलं की कन्नड बाया उजवा पाय उचलतात,
मराठी बाया जोर लावतात.
एड म्हटलं की डावा,
आणि मागच्या ओळीतनं हळूच कुणीतरी, येडं कोण गं?
पाटीच्या अक्षरांवरनं बाहेर एकदा भांडण पेटलं,
रात्रीत कुणी डांबर फासून गेलं.
सकाळी आत ताडासन होतं.
टाचा वर गेल्या त्या
नेहमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ वर राहिल्या.

पैसा म्हणाल तर दुपारी अजून पाचशे वळते.
खोकला आहेच.
पण मान वर असते.
नवऱ्याला आता तोंडावरनं ओळखते.
केवढा म्हातारा झालाय,
मला ठाऊकच नव्हतं.

आणि परवा नेमगोंडा आला.
चेकर. रिटायर होऊन चार वर्षं झाली.
दारात उभा, चपला हातात,
बाप्यांना चालतं का, म्हणाला.
सतरंजीवर बसला तर गुडघे वर,
पाठीची कमान,
श्वास अर्ध्यातच तुटलेला.
छाट.
शब्द माझ्या जिभेवर आला,
जर्द्यासारखा चुरचुरला.
सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या.

मी पोत्याची घडी केली,
त्याच्या गुडघ्याखाली सरकवली.
घ्या, म्हटलं.
त्यानं घेतला. जमेल तेवढा.
बिडी, म्हटलं.

त्यानं खिसा चाचपला.